विमानं आखातातली, तक्रार अमेरिकेची आणि वैमानिकाच्या करारातली बारीक अक्षरं

दुबईहून रात्री दहाच्या सुमारास सुटलेलं विमान आपल्या घड्याळाने अडीचच्या आसपास मुंबईत उतरतं. प्रवासी उतरतात, सफाई होते, इंधन भरलं जातं, नवे प्रवासी चढतात आणि साडेचारला तेच विमान तेच दोन वैमानिक परत घेऊन जातात. दुबईत चाकं टेकतात तेव्हा तिथे सकाळचे सव्वासहा वाजलेले असतात. या वैमानिकांची ड्युटी आदल्या रात्री साडेआठ-नऊला सुरू झालेली असते, म्हणजे साडेनऊ-दहा तासांचं काम झालं. पहाटे दोन ते सहा हा माणसाच्या सावधपणाचा सर्वांत खालचा काळ मानला जातो. दुबईच्या घड्याळाने बघितलं तर परतीचं जवळजवळ अख्खं उड्डाण याच काळात जातं. शेवटी लँडिंगला बऱ्याचदा उगवता सूर्य थेट डोळ्यांवर येतो. कागदावर हे सगळं नियमात बसतं. प्रश्न असतो तो महिन्यात अशा किती रात्री लागतात आणि "आज मी थकलोय, उडणार नाही" असं म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, याचा.

आखाती आणि अमेरिकी विमान कंपन्यांच्या भांडणात हा माणूस कुठेच दिसत नाही. भांडण सगळं सबसिडीवर झालं. 2015 मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन आरोप केला, की 2004 पासून एमिरेट्स, एतिहाद आणि कतार एअरवेज यांना त्यांच्या सरकारांनी 42 अब्ज डॉलरची मदत दिली. बिनव्याजी कर्जं, परत न मागितलेलं भांडवल, स्वस्तातला विमानतळ अशी ती यादी होती. त्यातले सर्वांत मोठे आकडे एतिहाद आणि कतारच्या नावावर होते. एमिरेट्सने काही महिन्यांतच शेकडो पानांचं उत्तर देऊन आरोप फेटाळले. अमेरिकी कंपन्यांची मागणी अशी, की अमिराती आणि कतार या दोन्ही देशांशी झालेले 'ओपन स्काइज' करार (एकमेकांच्या कंपन्यांना हवी तितकी उड्डाणं करू देणारे) सरकारने पुन्हा उघडावेत.

या करारांची मेख समजून घेतली पाहिजे. दुबईची कंपनी दुबई–न्यूयॉर्क उडते ते तिसऱ्या-चौथ्या स्वातंत्र्याखाली: आपल्या देशातून दुसऱ्या देशात आणि परत. पण विमानातले बहुतेक प्रवासी दुबईचे नसतातच. ते मुंबई, कोची, कराची, ढाका इथून आलेले असतात. भारतातून दुबईपर्यंत एका कराराने आणि दुबईतून अमेरिकेपर्यंत दुसऱ्या कराराने नेऊन दोन्ही तुकडे जोडायचे, याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात. आखाताचा सगळा धंदा यावर उभा आहे. पाचवं स्वातंत्र्य त्याहून झोंबणारं. एमिरेट्सने 2013 मध्ये मिलान–न्यूयॉर्क आणि 2017 मध्ये अथेन्स–न्यूअर्क सुरू केलं. म्हणजे अमेरिका-युरोप मार्गावर, जो अमेरिकी कंपन्यांना आपल्या अंगणासारखा वाटतो, तिथे तिसऱ्याच देशाची कंपनी तिकीट विकू लागली. करारात याला पूर्ण मुभा आहे.

आणि ही मुभा अमेरिकेला स्वतःलाच हवी होती. 1992 मध्ये नेदरलँड्सशी पहिला ओपन स्काइज करार करून जगभर ही पद्धत अमेरिकेनेच पसरवली. फेडेक्सचं दुबईत मोठं केंद्र आहे आणि तिची मालवाहू विमानं याच पाचव्या स्वातंत्र्यावर देशोदेशी फिरतात. म्हणून 2015 च्या वादात फेडेक्स, जेटब्लू, हवाईयन या कंपन्या तिघा मोठ्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. बोइंगचंही तसंच. एमिरेट्सने 2013 मध्ये 150 बोइंग 777एक्स मागवली होती. ज्या गिऱ्हाइकावर सिअ‍ॅटलच्या कारखान्याची भिस्त आहे, त्याला वॉशिंग्टनने दार लावावं हे सोपं नव्हतं.

सरकारी पैशाचं म्हणाल तर दोघांचेही हात ओले आहेत. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकी संसदेने विमान कंपन्यांना 5 अब्ज डॉलर रोख आणि 10 अब्जांपर्यंत कर्जहमी दिली. युनायटेड 2002 ते 2006 दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली होती. त्या काळात तिने कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजना सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात टाकल्या आणि महामंडळाने 6.6 अब्ज डॉलरचं ओझं उचललं. ज्या वैमानिकांनी तीस वर्षं हिशेब करून निवृत्तीची तजवीज केली, त्यांचं ठरलेलं पेन्शन कापलं गेलं. डेल्टा 2005 मध्ये आणि अमेरिकन 2011 मध्ये त्याच वाटेने गेल्या. कोविडमध्ये अमेरिकी प्रवासी विमान कंपन्यांना फक्त पगारासाठी तीन हप्त्यांत मिळून 50 अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. याशिवाय परदेशी मालकीवर 25 टक्के मतांची मर्यादा, देशांतर्गत मार्ग परदेश्यांना बंद आणि सरकारी खर्चाने जाणाऱ्याने शक्यतो अमेरिकी कंपनीनेच जावं हा नियम. आखातातही तेच. 2020 मध्ये दुबई सरकारने एमिरेट्समध्ये 2 अब्ज डॉलर ओतले आणि पुढेही भर घातली. अबू धाबीच्या पैशावर एतिहादने अलितालियाचे 49 टक्के, एअर बर्लिनचे 29 टक्के, आपल्या जेट एअरवेजचे 24 टक्के घेतले आणि 2016 या एकाच वर्षात 1.87 अब्ज डॉलर गमावले. एअर बर्लिन 2017 मध्ये बुडाली, जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली. सरकारी पैसा म्हणजे हमखास विजय, असं म्हणणाऱ्यांनी अंधेरी-सांताक्रूझच्या पट्ट्यात जेटच्या कर्मचाऱ्यांना विचारावं.

वाद शेवटी कसा मिटला? 2018 मध्ये जानेवारीत कतारशी आणि मे महिन्यात अमिरातीशी समजुतीची टिपणं झाली: कंपन्यांचे लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करायचे, व्यवहार बाजारभावाने करायचे. करार तसेच राहिले. डेल्टाने लगेच मुंबईला परतण्याची घोषणा केली आणि डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्क–मुंबई सुरू केलं. तीन महिन्यांत कोविड आला आणि ते बंद पडलं. 2022 मध्ये तर युनायटेडने एमिरेट्सशीच हातमिळवणी केली आणि 2023 च्या मार्चमध्ये न्यूअर्क–दुबई सुरू केलं. कतारशी अमेरिकनची भागीदारी त्याआधीच झाली होती. 2015 मध्ये ज्यांना बाजार बिघडवणारे म्हटलं, त्यांचीच तिकिटं आता यांच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रवाशाच्या दृष्टीने हे बरं झालं. पण जो प्रश्न भांडणातही आला नाही, तो तहातही आला नाही.

माझं म्हणणं असं, की आखाती कंपन्यांच्या ताकदीत तीन गोष्टी आहेत आणि त्यातल्या दोन न्याय्य आहेत. पहिली भूगोल: आशिया, युरोप आणि आफ्रिका दुबई-दोह्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहेत. दुसरी विमानतळाची आखणी: दिवसरात्र उघडा, विमानं लाटांनी येतात आणि दोन-तीन तासांत लाटांनी बाहेर पडतात, म्हणून शंभर शहरांची शंभर शहरांशी जोडणी होते. यात कुणाची फसवणूक नाही. तिसरी गोष्ट मात्र तक्रारीला पात्र आहे आणि ती कुणी 42 अब्जांत धरलेली नाही. कर्मचाऱ्यांची संघटना अमिरातीत कायद्याने करता येत नाही, संप करता येत नाही, आणि नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही जातो. धंद्यातली जोखीम यामुळे कंपनीच्या ताळेबंदातून उचलून माणसाच्या खांद्यावर जाते.

वैमानिकाला बांधून ठेवण्याच्या जगात तीन तऱ्हा आहेत.

अमेरिकेत दोरी ज्येष्ठतेची. नोकरीला लागलेल्या दिवशी मिळालेला क्रमांक हेच सर्वस्व. कोणतं विमान, कोणता तळ, कोणती सुट्टी, कॅप्टन कधी, सगळं त्या यादीवरून ठरतं. पगाराची श्रेणी छापील, सर्वांना दिसणारी. 2023 च्या करारांनंतर मोठ्या विमानाच्या जुन्या कॅप्टनचा दर तासाला चारशे डॉलरच्या वर गेला. डेल्टाच्या त्या कराराची चार वर्षांतली वाढ 34 टक्के होती. गिऱ्हाईक कमी झालं तर यादीत तळाचे आधी घरी जातात आणि काम आलं की त्याच क्रमाने त्यांना परत बोलवावंच लागतं. तोटा असा, की कंपनी बदलली की पंधरा वर्षांचा कॅप्टन पुन्हा शेवटचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो. म्हणून कुणी सोडत नाही. संप करणंही सोपं नाही, कारण रेल्वेसाठी केलेल्या जुन्या कायद्याखाली सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळं केल्यावर 30 दिवस थांबावं लागतं. तरीही हा आवाज आहे, आणि तो सुरक्षेलाही लागतो. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून 50 जण गेले. त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, वैमानिक संघटनांनी थकव्याचा मुद्दा लावून धरला आणि दोन नियम आले: फर्स्ट ऑफिसरलाही साधारण 1500 तासांचा अनुभव, आणि ड्युटीपूर्वी 10 तास विश्रांती, त्यात सलग 8 तास झोपेची संधी.

आखातात दोरी व्हिसाची. पगारावर आयकर नाही, घर किंवा घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, वर्षाची तिकिटं. तिशीतल्या भारतीय कॅप्टनला हे आकर्षक वाटावं यात नवल नाही, आणि अशी नोकरी घेणाऱ्याला लोभी म्हणणं अन्याय आहे. पण पत्रावरचा मोठा आकडा आणि हातात उरणारी सुरक्षितता यांत अंतर असतं. पगाराचे तुकडे पाडलेले असतात: मूळ वेतन, घर, उड्डाण तासांचा भत्ता. विमानं थांबली की तिसरा तुकडा शून्यावर येतो. ग्रॅच्युइटी मोजली जाते ती फक्त मूळ वेतनावर. अमिरातीच्या खासगी क्षेत्राच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचं आणि पुढे वर्षाला 30 दिवसांचं मूळ वेतन धरलं आहे. दहा वर्षं केली तर 255 दिवस, म्हणजे साडेआठ महिन्यांचं मूळ वेतन. (काही कंपन्या याऐवजी भविष्य निर्वाह निधी देतात, तिथे कंपनीचा वाटा किती वर्षांनी पूर्ण आपला होतो हे बघावं लागतं.) दशकभराच्या नोकरीनंतरचं पेन्शन म्हणून हे फार कमी आहे.

2020 च्या उन्हाळ्यात काय झालं ते या कराराच्या जातीचं खरं दर्शन होतं. ए380 विमानं रांगेने उभी राहिली आणि आखातात शेकडो वैमानिकांना निरोपाची पत्रं गेली. परत बोलावण्याचा क्रम नाही, त्यामुळे भरती पुन्हा सुरू झाली तरी जुन्यांना आधी घेण्याचं बंधन कंपनीवर नाही. घर कंपनीचं, म्हणून तेही सोडायचं. व्हिसा रद्द झाल्यावर त्या वेळी साधारण महिन्याभराची सवलत असे. त्यात मुलांची शाळा मध्येच सोडवायची, गाडीचं कर्ज फेडायचं, कारण कर्ज बाकी असताना देश सोडणं म्हणजे पुढे खटल्याची टांगती तलवार. त्याच महिन्यांत अमेरिकेतले बहुतेक वैमानिक पगारावर होते. तो पगार अमेरिकी करदात्यांचा होता हे खरं, पण तो संघटनेने मागून मिळवलेला होता.

आखाताला जाणाऱ्या अमेरिकी वैमानिकालाही करमुक्तीचा पूर्ण लाभ होत नाही. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरच्या कमाईवर कर लावते. परदेशातल्या कमाईची सूट 2024 साठी 1,26,500 डॉलर होती. पण आंतरराष्ट्रीय समुद्रावरून उडताना झालेली कमाई 'परदेशातली' धरत नाहीत. म्हणून उड्डाणाच्या तासांची विभागणी नोंदवहीत ठेवावी लागते आणि ती न ठेवणाऱ्यांना पुढे नोटिसा येतात.

भारतात तिसरी दोरी, नोटीस पीरियडची. 2017 पासून डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम आहे, की कॅप्टनला नोकरी सोडायला 12 महिने आणि फर्स्ट ऑफिसरला 6 महिने आधी नोटीस द्यावी लागते. मूळ कंपनीने ना-हरकत दिली तर मुदत कमी होते. कारण पटण्यासारखं आहे: कॅप्टन बनायला वर्षं लागतात, एकदम दहा जण गेले तर उड्डाणं रद्द होतात. पण त्या बदल्यात वैमानिकाला काय मिळतं? ज्येष्ठतेचं संरक्षण नाही, छापील श्रेणी नाही. टाइप रेटिंगचा (ठराविक जातीचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च अनेकदा स्वतःच्या खिशातून नाहीतर लाखोंच्या बॉन्डवर. 2025 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयन संघटनेकडे परदेशी कंपन्यांच्या भरतीवर आचारसंहितेची मागणी केली, आमची प्रशिक्षित माणसं पुरेशी सूचना न देता उचलली जातात म्हणून. तक्रार खोटी नाही. पण माणसं का जातात हा भाग त्या मागणीत नव्हता, आणि तोच भाग आपल्या हातात आहे.

विश्रांतीचे नियमच बघा. 22 मे 2010 ला दुबईहून पहाटे मंगळुरूला उतरताना एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीबाहेर गेलं, 158 माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. परतीच्या उड्डाणात तो सुमारे 1 तास 40 मिनिटं झोपला होता. कॅप्टन परदेशी नागरिक होता, भारतात कंत्राटावर आलेला. म्हणजे दूरदेशी नोकरीचा प्रश्न एका दिशेचा नाही. आणि मार्ग तोच, आखाताची रात्र. त्यानंतर पंधरा वर्षांनी, न्यायालयाच्या रेट्यावर, आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली आणि आठवड्यातली रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. दुसरा टप्पा नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात, एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि रात्रीच्या नियमातून तिला काही आठवड्यांची सूट दिली गेली. नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाला होता. माणसं घ्यायला वेळ होता. भोगलं ते विमानतळावर बॅगांच्या ढिगात बसलेल्यांनी आणि सुटी रद्द झालेल्या वैमानिकांनी.

आता आपला प्रश्न. दुबई-भारत करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार आसनं आहेत. अमिरातीने आणखी 50 हजार मागितली आणि 2023 मध्ये दिल्लीने नकार दिला. एमिरेट्स भारतातल्या नऊ शहरांत उतरते, त्यात पुणे नाही. हिंजवडीतल्या माणसाला बोस्टनला जायचं तर द्रुतगती मार्गाने रात्री मुंबई गाठायची, किंवा दिल्लीला जायचं. पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 पासून बंद झाल्यावर अमेरिकेची थेट भारतीय उड्डाणं लांबली, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं आणि दिल्ली–वॉशिंग्टन बंदच झालं. अशा वेळी "आसनं देऊ नका, आपल्या कंपन्या वाढू द्या" हे प्रवाशाला पटत नाही आणि मला पूर्णपणे पटत नाही. मुंबईचा जुना विमानतळ एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर चालतो, तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं, तिथे लाटांनी जोडणी करायला जागाच नव्हती. नवी मुंबई डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाली, पण तिथेही सध्या एकच धावपट्टी आहे. आपला हब, म्हणजे अशा जोडणीचं केंद्र, उभा राहायला वेळ लागेल. तोवर प्रवाशाला कोंडून ठेवल्याने कंपन्या सुधारतील असा अनुभव नाही.

म्हणून आसनं द्यावीत, पण हप्त्याहप्त्याने आणि मोबदला घेऊन. 2013 मध्ये जेटच्या सौद्यासोबत अबू धाबीची आसनं सुमारे 13 हजारांवरून 50 हजारांवर नेली, तेव्हा मोबदला एका खासगी कंपनीला मिळाला आणि सहा वर्षांत ती कंपनी उरली नाही. या वेळी मोबदला लेखी आणि सार्वजनिक असावा. अमेरिकेने 2018 मध्ये मिळवलेली लेखापरीक्षित हिशेबांची अट आपणही मागावी. त्यापुढे जाऊन भारतातून भरती होणाऱ्या वैमानिकांसाठी आणि केबिन क्रूसाठी एक किमान करार जोडावा: नोकरी संपल्यावर कुटुंबाला घर आणि व्हिसा किमान सहा महिने, कपात झालेल्यांना नवीन भरतीत आधी संधी, मूळ वेतनाचा एकूण पगारातला किमान वाटा ठरलेला, आणि थकव्याचा अहवाल दिल्यावर कारवाई झाली तर दाद मागायला दोन्ही देशांच्या विमान नियामकांची संयुक्त खिडकी. हवाई सेवा करारांत मार्ग, आसनं, सुरक्षा, दर असे परिशिष्ट जोडले जातातच. आणखी एक जोडायला कायद्याची अडचण नाही, इच्छेची आहे.

आणि त्याच दिवशी घरातही तेच लावावं. जी कंपनी 12 महिन्यांची नोटीस मागते, तिने पगाराची छापील श्रेणी, परत बोलावण्याचा क्रम आणि बॉन्डची कमाल रक्कम जाहीर करावी. जी करणार नाही, तिच्या वैमानिकाला तीन महिन्यांची नोटीस पुरे.